यारेमाने अडवलेले गोल

वेर्बोवे, १२ मे

ती. मेलाताईस,

सा. न. वि. वि. मधला नमस्कार आधी घे, विनंती शेवटी आहे. वीज पुन्हा गेली, फोन मेलाय, म्हणून पत्र. यारेमाच्या थडग्याशी लावलेलं लायलॅकचं झुडूप जगलं.

माझ्या यारेमाबरोबर रशियनांच्या कैदेत होता तो तिमिश ईस्टरला कैद्यांच्या अदलाबदलीत सुटला आणि परवा पत्ता विचारत दारात उभा राहिला. नुसता सांगाडा. बटाटा भरून उकडलेल्या वारेनिकींची परात एकट्याने संपवली, मग बोलायला लागला. तिथे बोलायला बंदी, तरी आपला यारेमा रोज संध्याकाळी कुजबुजत फुटबॉलचे सामने सांगायचा म्हणे. वेर्बोवे विरुद्ध आसपासची सगळी गावं, आणि गोलवर साक्षात हा. एकदा तर पेनल्टी डोक्याने अडवली म्हणे. तिमिश म्हणाला, मावशी, मी अख्खा हिवाळा त्या सामन्यांवर काढला.

ताई, माझ्या हातातला डाव हातातच राहिला. एक चेंडू अडत नाही म्हणून सगळं गाव ज्याला ‘उघडं फाटक’ म्हणायचं तो माझा मुलगा. ती पेनल्टी कुठल्या गोलवर अडवली असं तिमिशने विचारलं, तर मी म्हटलं, नदीकडच्या.

आता सरपंचांनी यारेमाच्या वाढदिवसाला लुही गावाशी स्मृतिसामना ठरवलाय आणि तिमिश येणार आहे. गावाला मी तोंड मिटून बसायला सांगितलंय, पण आपल्या गावाचं तोंड तुला ठाऊक आहे. काय करू ते कळव. लोभ आहेच, उत्तराची घाई तेवढी असू दे.

तुझी स्तेफा

नेपल्स, २३ मे

चि. स्तेफास,

अनेक उत्तम आशीर्वाद. त्यातले निम्मे तिमिशला पोचव.

पत्र वाचून इतकी हसले, की मी जिची देखभाल करते त्या म्हातारीला वाटलं मला झटका आला. तिने मुलाला बोलावून घेतलं. मला तर यारेमा आठवतो तो सूर्यफुलाच्या बिया खात उभा असलेला. चेंडू पायांमधून गेला आणि वर हाच विचारतोय, कुणी मारला म्हणून.

खरं सांगू नकोस. जन्मभर थापा मारल्या त्याने, त्यातली एक कामी आली. ती पोराकडून काढून घेऊ नकोस.

आणि हे बघ. पत्रभर विनोद केलेस, पण तो शेवटी कसा गेला ते तिमिशने सांगितलं का, हे लिहिलं नाहीस. मी पान उलटून पाहिलं, मागे कोरं होतं. माया आहे ती आहेच, पत्रात मात्र कंजूषपणा नको.

तुझी मेला

वेर्बोवे, ९ जून

ती. मेलाताईस,

नमस्कार. तुझा सल्ला मी मानला, पण मध्यंतरापर्यंतच.

लुहीच्या पोरांनी आदर म्हणून गोलच करायचा नाही असं ठरवलेलं. त्यांचा कप्तान होर्दी रिकाम्या गोलसमोर आला आणि त्याने चेंडू अदबीने बाहेर ढकलला. बायका डोळे पुसायला लागल्या. त्यापेक्षा शोकसभा बरी. मला राहवेना. मध्यंतरात होर्दीचा कान धरला आणि म्हटलं, माझ्या यारेमाने गोल न खाता एक सामना काढला नाही, त्याच्या नावाने असलं खेळायचं असेल तर आपापल्या घरी जाऊन जेवा.

मागे तिमिश उभा होता.

मग सगळंच सांगून टाकलं. उघडं फाटक, बिया आणि ती पेनल्टीसुद्धा. डोक्याला लागली हे खरं, पण हा बुटाची नाडी बांधत होता आणि चेंडू डोक्याला लागून आत गेला. तिमिश गवतावर बसला आणि पोट धरून हसत सुटला. होर्दी हसला, मीही हसले. हसता हसता तिमिश रडायला कधी लागला, कळलंच नाही.

तू विचारलंस ते तेव्हा त्याने सांगितलं. न्यूमोनिया झाला, औषध दिलं नाही. शेवटच्या संध्याकाळीही लुहीविरुद्धचा सामना चालू होता, बरोबरी झालेली, आणि यारेमा मध्येच थांबला. बाकीच्यांना वाटलं, दम घेतोय. वाट बघत राहिले.

तिमिशने मला विचारलं, की मावशी, तो सामना शेवटी जिंकलं कोण.

ताई, मला तो सामना पक्का आठवत होता. सपाटून हरलो होतो, आणि निम्मे गोल या होर्दीचेच. मी म्हटलं, आपण जिंकलो.

होर्दीने मान खाली घातली. म्हणाला, हो, त्या दिवशी यारेमाने आम्हाला काही सुचूच दिलं नाही.

लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवायला जागा उरलेली नाही.

तुझी स्तेफा