डाव्या हाताची तार

प्रिय वहिनी,

काल दादाच्या खटल्याचा निकाल लागला. जन्मठेप झाली. पोलीस त्याला कोर्टातून बाहेर नेत होते, तेव्हा मान वळवून त्याने मला विचारलं, "यमू, जेवलीस का?" आणि मी मानेनेच हो म्हटलं. ज्याने तुला माझ्या डोळ्यांदेखत मारून टाकलं, त्याने असं विचारावं आणि मीही उत्तर द्यावं, याला काय म्हणायचं? तो माझा सख्खा भाऊ आहे, हे मी काय पुसून टाकू?

हे कुणाशी बोलू? आईशी हे बोलता येत नाही. तुझे वडील निकाल ऐकून तसेच धारच्या मोटारीत बसले. म्हणून तुलाच लिहायला घेतलं.

तू होतीस तोवर मी तुला 'अहो वहिनी' म्हणायचे. आईचा तसा दंडक होता. तू वयाने मोठी, तरी मला 'यमूवन्सं' म्हणायचीस. आज मी 'तू' म्हणते आहे. चालेल ना?

तू लग्न होऊन धारहून देवासला आलीस तेव्हा दादा असा नव्हता. मी त्याची बाजू घेत नाही, तूही ते पाहिलं होतंस. महाराजांच्या पागेत त्याला मान होता. मी लहान असताना माझा पाय तळहातावर घेऊन तो मला घोड्यावर चढवायचा. मग संस्थानं गेली, घोड्यांचा लिलाव झाला. घोडेस्वाराला कारकुनी कोण देणार? दादा घरी आला तो पायातले बूट, चाबूक आणि तलवार घेऊन. आधी त्याने भिंतीवर चाबूक ओढला. मग जेवणाची ताटं भिरकावली. मग तुझी पाळी आली.

पहिल्यांदा त्याने तुला कशावरून मारलं, ते आठवतं? तू एवढंच विचारलं होतंस, "आता पुढं काय करायचं ठरवलंय?" त्याने चाबूक काढला. तुझं पातळ पाठीवर फाटलं आणि त्या चिरेतून रक्त वर आलं. आई देवघरातून म्हणाली, "पुरुषाचा राग आहे, ओसरेल." तो ओसरला नाही. तू माहेरी गेलीस, वडिलांनी परत आणून सोडलं. पुन्हा गेलीस, पुन्हा आणून सोडलं. "नांदायला हवं, पोरी," म्हणाले आणि आमच्याकडचं पाणीही न पिता गेले.

त्या दुसऱ्या खेपेनंतरच तू दुबेजींच्या ओसरीवर गेलीस, नाही का? आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे दुबेजी रेल्वेतले तारबाबू. नोकरी संपली तरी दुपारी ओसरीवर बसून आपल्या जुन्या यंत्रावर तार ठोकायचे. कट्ट कडकट्ट. पोरं हसायची. तू मात्र थांबलीस आणि विचारलंस, "दुबेजी, औरतें भी यह सीख सकती हैं क्या?"

"सीख तो कोई भी सकता है, बाई. रोज आना पड़ेगा."

"और?"

"और कुछ नहीं. रोज."

धारला तू मॅट्रिक झाली होतीस. तारखात्यात आता मुलींनाही घेतात, इंदूरला परीक्षा होते, असं दुबेजींनी सांगितलं आणि तू ठरवून टाकलंस. एकटी जायला नको म्हणून मला बरोबर नेलंस. दादा दुपारी कलालीवर दारू पीत बसलेला असायचा आणि आई निजलेली. दुबेजींची बायको आमच्याजवळ डाळ निवडत बसायची.

लहान ठोका म्हणजे टिंब, लांब ठोका म्हणजे रेघ, आणि त्यांची मिळून सगळी इंग्रजी अक्षरं. मला तर रडू यायचं. 'क्यू' काही केल्या बसेना. मी म्हटलं, "वहिनी, असं अक्षर अक्षर करत परीक्षा कधी यायची?" तू म्हणालीस, "परीक्षेचं नावच काढू नका, यमूवन्सं. आज फक्त 'क्यू'. पोळ्या होईपर्यंत 'क्यू' आला पाहिजे." आणि पोळपाटाच्या कडेवर लाटण्याने वाजवून दाखवलंस. रेघ, रेघ, टिंब, रेघ. पिठाचे हात, कपाळावर घाम, आणि तुझं लक्ष पोळीवर कमी, ठोक्यावर जास्त.

रोज सकाळी तू मला त्या दिवसाचं काम सांगायचीस आणि दिवेलागणीला विचारायचीस. मोठं काही ठरवायचीच नाहीस. एखादं अक्षर, नाहीतर एखादा शब्द. भाजीबाजारात जाताना माझ्या मनगटावर दुकानांची नावं ठोकायचीस. माझी वेणी घालताना पाठीवर ठोकायचीस आणि ओळखायला लावायचीस. स्वयंपाकघरात चिमटा तव्यावर वाजवून आपण बोलायला लागलो. आईला वाटायचं, सुनेची भांडी फार वाजतात.

एकदा तुझा ओठ फाटलेला होता. आदल्या दिवशी दादाने तोंडावर मारलं होतं. सुजून डोळाही अर्धा मिटला होता. दुबेजींनी यंत्र बाजूला सारलं. "आज रहने दो, बाई."

तू म्हणालीस, "आज रहने दूँगी तो कल भी रह जाएगा."

ओठातून रक्त ओघळत होतं आणि तू ठोकत होतीस. मला तुझा राग आला होता, वहिनी. ही कसली जिद्द, असं वाटलं. एक दिवस पडून राहिली असतीस तर काय बिघडलं असतं? पण तो एक दिवस तू कुणालाच दिला नाहीस.

शेवटी तो आवाजच नडला. दादा एका दुपारी लवकर परतला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकत राहिला. चिमटा वाजत होता आणि तुझी बोटं नाचत होती. "कुणाला खुणा करतेस?" त्याने विचारलं.

"कुणालाही नाही. तार शिकते आहे."

"कुणाकडून?"

"दुबेजींकडून. नोकरी करायची म्हणून."

सरळ सांगितलंस. खोटं बोलली असतीस तर? त्याने तुला केसांना धरून ओढत उंबऱ्यापाशी आणलं. तुझा उजवा हात उंबऱ्यावर दाबला आणि त्यावर बुटाची टाच मारली. पुन्हा मारली. काटकी मोडावी तसा आवाज झाला. मी त्याच्या पायाला मिठी मारली, तर त्याने मला लाथेने भिंतीवर फेकलं. त्याने माझ्या अंगावर पाय उचलला, तो तेव्हा पहिल्यांदा. "कर आता नोकरी," तो म्हणाला आणि हात धुऊन जेवायला बसला. आईने वाढलंसुद्धा.

वैद्यांनी फळ्या बांधल्या. दोन बोटं पुढे कधीच सरळ झाली नाहीत. हात मोडला, आता खूळ संपलं, असं दादाने धरलं. मीही तसंच धरलं होतं. आणि दुसऱ्याच दुपारी तू दारात उभी, हात गळ्यात अडकवलेला. "चला, यमूवन्सं."

तुझा हात पाहून दुबेजींनी चष्मा काढला आणि बराच वेळ धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. त्यांची बायको आमच्या घराच्या दिशेने तोंड करून शिव्या देत होती, "थारो सत्यानास होय." मग दुबेजींनी यंत्र उचललं आणि तुझ्या डावीकडे ठेवलं.

"तार को क्या मालूम, कौन-सा हाथ है," ते म्हणाले.

तू पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केलीस. डावा हात नुसता अडखळायचा. टिंबाची रेघ व्हायची, रेघ तुटायची. दुखण्याने तुझे दात वाजत होते. तरी तू रोज काय करायचं ते ठरवायचीस, आणि आता ते आणखी लहान झालं होतं. 'आज नुसती टिंबं सारखी आली पाहिजेत.' कधी तेवढंही व्हायचं नाही. मग दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. घरात आता आवाज करायचा नव्हता, म्हणून तू मांडीवर पातळाच्या निऱ्यांवर ठोकायचीस. दादा समोर जेवत असायचा आणि पदराआड तुझं बोट चालू असायचं.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दुबेजी वर्तमानपत्र समोर धरून भराभर ठोकायचे आणि तू डाव्या हाताने वाकडंतिकडं लिहून घ्यायचीस. एके दिवशी त्यांनी कागद तपासला आणि बायकोला हाक मारली, "अजी, गुड़ लाओ." एवढंच. पण तू ओसरीच्या खांबाला टेकून रडलीस. चाबूक खाताना मी तुला कधी रडलेलं पाहिलं नव्हतं.

मग इंदूरच्या परीक्षेचं बोलावणं आलं, दुबेजींच्या पत्त्यावर.

यापुढचं तुला माहीत आहे, पण मला लिहायचंच आहे. सकाळच्या मोटारीने निघायचं ठरलं होतं. दुबेजी तुझ्याबरोबर येणार होते. मी म्हटलं होतं, "वहिनी, कुणाला न सांगता जा. मी मागचं पाहते." तू म्हणालीस, "चोरून जाणार नाही. मी काय चोरी केली आहे?"

का असं केलंस, वहिनी? एवढं शहाणपण तुझ्यात होतं, मग त्या सकाळीच हा हट्ट का?

तू न्हाऊन आलीस, धुवट पातळ नेसलीस, आईच्या पाया पडलीस आणि अंगणात दादासमोर उभी राहिलीस. "मी इंदूरला परीक्षेला जाते आहे. संध्याकाळी परत येईन."

दादा शुद्धीत होता. हे मी कोर्टातही सांगितलं. वकील विचारत होते, त्याने दारू घेतली होती ना? नव्हती घेतली. त्याने आधी तुझ्या हाताकडे पाहिलं. "कुठल्या हाताने?" त्याने विचारलं. तू डावा हात वर केलास. तो आत गेला आणि तलवार घेऊन आला. म्यानातून काढली नाही. म्यानासकट धरून पितळी मूठ तुझ्या कपाळावर मारली. तू खाली बसलीस. मी त्याच्या दंडाला लोंबकळले, चावले, माझ्या तोंडात त्याचं रक्त आलं. त्याने कोपर मारून माझे पुढचे दात पाडले आणि तुझ्या डोक्यावर मारत राहिला. तू हात वर केला होतास, तो खाली आला. तरी तो थांबला नाही. दमला तेव्हा थांबला. अंगणभर रक्त होतं, तुळशीच्या कट्ट्यापर्यंत. तू माझ्या मांडीवर होतीस आणि तुझा डोळा उघडाच होता.

शेजारी धावत आले तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली, "सून विहिरीच्या पायरीवरून पडली हो." इतक्या पटकन कसं सुचलं असेल तिला? आणि लोकही लगेच म्हणायला लागले, पडली, बिचारी पडली. फौजदार आला, त्यालाही तेच सांगितलं. मी तोंडातलं रक्त थुंकले आणि म्हटलं, "गिरी नहीं. मेरे भाई ने मारा."

फौजदार माझ्याकडे पाहत राहिला. "सोच लो, बाई. सगा भाई है. फाँसी भी हो सकती है."

"सोच लिया."

आईने माझ्या झिंज्या धरल्या. पोलिसांनी तिला सोडवलं.

तुझ्या अस्थी घेऊन तुझे वडील नेमावरला नर्मदेवर गेले. मलाही नेलं. पाण्यात उभे असताना त्यांनी मला विचारलं, "ती माझ्याविषयी काही म्हणाली होती?" मी म्हटलं, "नाही." खरंच तू काही म्हणाली नव्हतीस. ते बराच वेळ पाण्यातच उभे राहिले.

खटला सुरू झाल्यापासून मी दुबेजींकडेच राहते आहे. साक्षीच्या दिवशी दादाच्या वकिलांनी खूप घोळवलं. वहिनीचं दुबेजींशी काही होतं का, असंही विचारलं. त्या म्हाताऱ्या माणसाने मान खाली घातली. मी म्हटलं, "होय, होतं. ते शिकवत होते आणि ती शिकत होती." कोर्टात कुणी हसलं नाही. दादा माझ्याकडे एकटक बघत होता. मीही नजर काढली नाही. मला त्याची कीवही येत होती आणि त्याला फाडून खावंसंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी. तुला कळेल हे, दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

आज सकाळी आई इथे आली. ओसरीवर मी यंत्रापुढे बसले होते. ती वर चढली आणि माझ्या थोबाडीत मारली. मग दुसऱ्या गालावर मारली. मी हलले नाही. दुबेजींची बायको उठली, तिला मी थांबवलं. आई म्हणाली, "अपील करायचं आहे. वरच्या कोर्टात सांग, नीट पाहिलं नव्हतं म्हणून. ती पडली म्हणून सांग. तेवढंच कर, यमू. मग मी तुला घरात घेईन."

मी म्हटलं, "आई, तू जेवलीस का?" ती ओसरीच्या पायरीवर मटकन बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. मी तिला भाकरी वाढली. तिने खाल्ली. पण मी हो म्हटलं नाही, आणि तिनेही पुन्हा विचारलं नाही. मग ती उठून एकटीच घरी गेली.

वहिनी, पुढच्या परीक्षेला मी बसणार आहे. पास होईन की नाही, सांगत नाही. आजचं अक्षर तेवढं करायचं, हे तूच शिकवलंस.

पण एक वचन देते. दादा सुटून आला तर मी त्याला पाणी देईन, ताटही वाढीन. आई थकली की तिचं करीन. भावाला भाऊ म्हणेन. मात्र वरच्या कोर्टात, या गल्लीत, धारला, कुणाच्या लग्नात, कुणाच्या तेराव्याला, माझ्यासमोर जो कुणी 'ती पडली' म्हणेल, त्याला मी तिथल्या तिथे थांबवीन आणि त्या सकाळी काय झालं ते पहिल्यापासून सांगेन. समोर दादा बसलेला असला तरी सांगेन. लोकांनी मला बोलवायचं सोडलं तरी सांगेन.

तू पडली नाहीस.

तुझी,
यमू