मागून आलेला होकार

३ तारीख, सोमवार
नोकरी लागली! यंदाची चौथी, पण ही बसून करायची, तीही ट्रॅक्टरवर. खेळाचं भलंमोठं मैदान आहे. राहायला पत्र्याची खोली, खिडकीतून थेट गोलपोस्ट दिसतो. ट्रॅक्टरच्या मागे एक ढोल जोडतात, त्याला बोटभर लांबीचे पोकळ सुळे. ढोल फिरला की गवतात भोकं पडतात आणि खडूएवढ्या मातीच्या कांड्या बाहेर येतात. मुळांना हवा लागावी म्हणून. शिकवणारा मिस्त्री साठीचा, उजव्या हाताला तीनच बोटं. मी विचारलं, बाकीची दोन कुठं ठेवलीत? म्हणाला, शिकलास की कळेल. साहेब बरे वाटले. फोन कायम कानाला, ट्रॅक्टरची दुसरी किल्ली कमरेला.

५ तारीख, बुधवार
शिकलो ते लिहून ठेवतो, नाहीतर माझं डोकं म्हणजे चाळणी. वळताना ढोल उचलायचा. सैल बाह्या नकोत. सुळ्यांत दगड अडकला तर इंजिन बंद, आणि जो खाली वाकणार, किल्ली त्याच्याच खिशात. काम झालं की तो बाजूला येऊन हात वर करणार. हात वर म्हणजे मोकळं. मगच वरच्यानं दांडा ओढायचा, की ढोल फिरतो. तोंडी सांगितलेलं धरायचं नाही, हे मिस्त्रीनं दहादा बजावलं. मी म्हटलं, मास्तर, मी काय मुका आहे? हसला नाही. तेवढ्यात गवतात अंड्यांवर बसलेली टिटवी दिसली, तिच्याकडे बघत राहिलो. शिव्या खाल्ल्या.

७ तारीख, शुक्रवार
मी नळावर पाणी पीत होतो, शंभर पावलं लांब. मिस्त्री सीटवर. ढोलामागून कुणीतरी ओरडलं, मोकळं! आवाज माझा होता. मिस्त्रीनं वळून पाहिलं. हात दिसेना. त्यानं दांडा ओढला नाही. मग गवतात बसून सांगितलं, की त्याचा मेव्हणा इथंच कामाला होता. असाच मागून त्याचा आवाज आला, यानं दांडा ओढला, आणि मेव्हणा ढोलाखालीच होता. त्याला ओढून काढताना ही दोन बोटं गेली. मला वाटलं, म्हातारा माझी फिरकी घेतोय. पण दुपारी त्यानं डबा उघडलाच नाही.

१० तारीख, सोमवार
रविवारी सामना, अर्धं मैदान बाकी. साहेबांचा तगादा. आज मी सीटवर, मिस्त्री मागे. सुळ्यांत दगड अडकला, त्यानं किल्ली मागितली. मी म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम, बंद केला की हा सुरू व्हायला नखरे करतो. कुरकुरत वाकला बिचारा. वर विमान चाललं होतं, मागे दोन पांढऱ्या रेघा. मोकळं! त्याचाच घोगरा आवाज. मी वर बघत बघतच दांडा—

कांड्या निघत राहिल्या. आधी काळ्या. मग लाल.

११ तारीख, मंगळवार
साहेबांनी कागदावर लिहून घेतलं, चूक मिस्त्रीची. मी सही केली. ढोल धुवायला लावला. मीच धुतला. सुळ्यांत काय काय होतं ते लिहीत नाही.
मिस्त्रीची बायको डबा न्यायला आली. शेवटचं काय बोलले, विचारलं. सांगितलं, मोकळं म्हणाले. ती म्हणाली, माझा भाऊ गेल्यापासून ते मागून कधी तोंड उघडत नाहीत. हातच करतात.

१३ तारीख, गुरुवार
पळणार होतो. साहेब म्हणाले, खुशाल जा, सीटवर कोण होतं ते पोलिसांना सांगतो. आता एकटाच चालवतो. मागे बघत नाही. मागून कुणीतरी माझ्या आवाजात— सराव केल्यासारखं—

१५ तारीख, शनिवार
दगड अडकला. इंजिन बंद. किल्ली माझ्या खिशात. पहारीनं उचकटताना ढोल घसरला. डावा हात मनगटापर्यंत सुळ्यांखाली. निघत नाही. ओरडून ओरडून घसा बसला. वही खिशात होती. लिहीत राहिलो तर भोवळ येणार नाही.

साहेब येतायत. सुटलो.

फोनवर आहेत. इकडे आलेच नाहीत. वर चढले. कमरेची किल्ली—

विचारतायत, झालं का रे?

माझ्या मागून, माझ्याच आवाजात, मजेत— मोकळं!

नाही नाही म्हणून ओरडलो. आवाज फुटेना. मोकळा हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवला. त्यांनी वळून पाहिलं. मान डोलावली.

इंजिन सुरू. हात वर म्हणजे—