आमच्या शेताची क्रस्टेशस पापडी

२ जुलै १९५१
कचेरीतून उर्दू गेली. नव्या तहसीलदारसाहेबांना इंग्रजी लागते. तहसीलसमोर बसून मी वीस वर्षं लोकांचे अर्ज उर्दूत लिहिले. तरी घाबरलो नाही. आठवड्यात इंग्रजी शिकणार. पंधरवडा धरू. पहिला अर्ज स्वतःचाच. विषय तेवढा हवा.

४ जुलै
विषय मिळाला! कपाशी पेरली, वर झोडपून पाऊस, मग कडक ऊन. शेतावर मातीची पापडी धरली. कोंब खाली कोंडलेत. बायको सोजरबाई म्हणाली, काऊन थांबता? बाभळीची फांदी फिरवा, नाही तर बी मरते. शेजारच्या डोमाजीनं तर फिरवली. मी समजावलं, पापडी फोडली तर सरकारी पाहणीला दाखवायचं काय? पुराव्याला हात लावायचा नाही. सरकार नवं बियाणं देईल. ती म्हणाली, सरकार मातीतून उगवते का? घरात शिक्षणाचं वातावरण नाही.

५ जुलै
दिवसभर पोस्टमास्तर भगवानरावांकडे. त्यांच्या डिक्शनरीत 'क्रस्टी' सापडला. एवढ्याशा शब्दाची साहेबावर काय छाप पडणार? तेवढ्यात वरच 'क्रस्टेशस'! कडक कवच धरलेला. वा!

६ जुलै
शब्दाचं कूळ लागलं. लॅटिन 'क्रस्टा': साल, खपली, कवच. आणखी मागे गेलं की गोठण्याचा अर्थ. इंग्रजीतला 'क्रिस्टल', म्हणजे स्फटिक, तोसुद्धा याचाच भाऊबंद. म्हणजे रोमच्या शेतकऱ्यालाही पापडीनं छळलं होतं! आनंदानं भगवानरावांना मिठी मारली. ते म्हणाले, नागोराव, टपाल सांडलं. घरी सांगितलं, तर सोजरबाई म्हणाली, रोमवाल्यानं फांदी फिरवली का नाही, ते लिवलं का पुस्तकात? लिहिलेलं नव्हतं.
अर्ज दिला. 'क्रस्टेशस' प्रत्येक वाक्यात.

८ जुलै
शेतात गेलो नाही. पुरावा पायाखाली यायला नको. सोजरबाईच्या हातांवर ओरखडे दिसले. म्हणाली, काटे लागले. सरपण वेचताना सांभाळायला हवं, असं बजावलं.

११ जुलै
पाहणीला तहसीलचे गिरदावर आले. अर्ज उलटासुलटा करून म्हणाले, नागोरावसाब, इसमें लिखा क्या है? उर्दूत सांगावं लागलं, जमीन पर पपड़ी जमी है.
शेतात पोचलो. ओळीओळीला कपाशी, हिरवीगार. मधोमध खाटेएवढा तुकडा तेवढा भकास. सोजरबाई तिथंच उभी. म्हणाली, साहेबाले दाखवाले ठेवली ना एवढी! तुमीच म्हणत होते, पुरावा लागते. गिरदावर हसत हसत बांधावर बसले. अर्ज खारीज.
त्यांना पोचवून परत आलो. सोजरबाईनं मूठभर सरकी हातावर ठेवली. म्हणाली, तेवढं तुमी टोबा.
त्या भकास तुकड्यात बोटानं खळगा करायला गेलो. नख मोडलं.
पापडी फारच कडक असते.