भावी जावयाची चौकशी

३ मार्च, सकाळ
आजपासून सदाचार. पहाटे उठणे, खरे बोलणे, सिगरेट बंद, दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणे बंद. उठायला आठ वाजले, पण संकल्प अंथरुणातच केला होता. चालेल.

संध्याकाळ
कन्येने लग्न ठरवलं. स्वतःचं स्वतः! मुलगा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. म्हणजे दिवसभर शेजारच्या सीटवर परक्या बायका. असला धंदा माणूस उगाच निवडत नाही. आमची ही म्हणते, मुलगा सरळ आहे. सरळ माणसांचाच मला जास्त संशय येतो. रविवारी आईवडिलांना घेऊन येतोय. त्याआधी चौकशी करणं भाग आहे. याला नाक खुपसणं म्हणत नाहीत, बापाचं कर्तव्य म्हणतात.

४ मार्च
ऑफिसला ताप असल्याचं कळवलं. ड्रायव्हिंग स्कूलसमोर विजेच्या डब्याआड उभा राहिलो. उन्हाने अंग तापलंच, त्यामुळे खोटं बोललो असं होत नाही.
आधी एक चष्मेवाली, मग एक आजीबाई. आजीबाईंनाही सोडत नाही! त्यांच्यासाठी उतरून दार उघडलं. एवढी नम्रता कशासाठी?

५ मार्च
शिकाऊ म्हणून नाव घातलं. आडनाव हिच्या माहेरचं दिलं. घरातलंच आहे.
गाडी मला वीस वर्षं येते, म्हणून भर चौकात मुद्दाम बंद पाडली. मागचे सगळे हॉर्न मारत होते. हा शांत. म्हणाला, काका, सावकाश होऊ द्या. असे राग गिळणारे पुढे बायकोवर काढतात.

६ मार्च
आज खरी परीक्षा. सिगरेट पुढे केली. नको म्हणाला. पेटवलेली वाया घालवणं बरं नव्हे, म्हणून मी ओढली. शिकायला येणाऱ्यांत कोणी ‘खास’ आहे का, विचारलं. डोळाही मारला. त्याने मला आरसा नीट करायला सांगितला. शेवटी म्हटलं, टेस्ट न देता लायसन्स काढून दे, तुझं काय ते बघू. त्याने गाडी कडेला घ्यायला लावली, मला उतरवलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणाला.
मी आकडा सांगितला नाही, म्हणून चिडला असणार.

७ मार्च
जेवताना कन्या हसून सांगत होती, त्याच्याकडे एक म्हातारा आला होता म्हणे. गाडी येत असून न येण्याचं सोंग, बायकांच्या चौकशा, वर लाच. अशा माणसाच्या घरच्यांची कीव येते म्हणाली. मी मान डोलावली. ‘म्हातारा’ मात्र खटकलं.

८ मार्च, रविवार
दार मीच उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दारावरच्या पाटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. कन्येला क्षणात उमगलं. आत जाऊन रडली. तिचं रडणं ऐकवेना.
त्याच्या वडिलांनी चहा संपवला. म्हणाले, मुलगी लाखात एक, पण तिच्या वडिलांची जरा चौकशी करावी लागेल.
भल्या माणसाची चौकशी! काय दिवस आलेत.

१० मार्च, सकाळ
कन्या बोलत नाही. ही म्हणाली, पोरीचं लग्न तुमच्यापायी अडलंय, निदान आता तरी माणसासारखं वागा. पटलं. पोरीसाठी काहीही करेन. सदाचार पुन्हा सुरू. आज खरंच पहाटे उठलो.

संध्याकाळ
घरासमोर टोपी-गॉगलवाले एक गृहस्थ घुटमळत होते. त्यांनी मला पत्ता विचारला. बोलके निघाले. जगात चारित्र्य उरलं नाही यावर आमचं एकमत झालं. त्यांनी सिगरेट पुढे केली. नाही म्हणणं उद्धटपणाचं दिसलं असतं.
काडी ओढताना त्यांनी गॉगल कपाळावर सरकवला. मुलाचे वडील होते.