पुलापलीकडचं घर

प्रिय कोरली,

लुईस्टनचं घर विकून मी पुलापलीकडे, वॉशिंग्टन राज्यातल्या क्लार्कस्टनला राहायला जातोय. तुझा भाऊ व्हर्लिन चिडला. "डॅड, लोक तिकडून इकडे पळतात आणि तुम्ही उलटे चाललात! इथे तुमच्या बंदुकीला कुणी हात लावणार नाही." मी म्हटलं, "तिकडे गुडघ्याचा डॉक्टर जवळ आहे." ते खोटं होतं.

मार्चमध्ये तू सूप घेऊन मागच्या दाराने आलीस, तेव्हा मी तुझ्या पाठीवर बंदूक रोखली होती. तू कोण, तेच मला आठवेना. तुला पत्ताच नव्हता; तू गुणगुणायला लागलीस, त्यावरून ओळखलं.

वॉशिंग्टन राज्यात पोरीला न्यायाधीशाकडे अर्ज करून बापाची बंदूक काढून घेता येते. आपल्या आयडाहोत तसा कायदा नाही. आपण होऊन देऊन टाकावी म्हटलं, तर चाळीस हिवाळ्यांची सवय सुटत नाही. अर्जाचा कागद तुला नव्या घराच्या किल्लीबरोबर देईन.

हे पत्र टपालात टाकत नाही, बंदुकीच्या पेटीत ठेवतोय. बंदूक न्यायला तू पेटी उघडशील, तोवर मी तुला नको नको ते बोललो असेन. मनावर घेऊ नकोस. आज मला सगळं आठवतंय, आणि आज सांगतोय, तू बरोबर केलंस.

तुला अजून ओळखणारा,
डॅड