ड्रायव्हर साइडचा असली दरवाजा

मामा, तुमचं म्हणणं तुमच्यापाशी ठेवा, पण नव्या दरवाजाला नकली म्हणायचं आता बंद करा. इकडे परदेशात त्याला रिप्रॉडक्शन म्हणतात आणि तो असलीसारखाच उघडतो, असलीसारखाच लागतो. मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, की आपल्या नाकाडी ट्रकला साच्यातला दरवाजा लावण्यापेक्षा गोणपाट टांगून गाडी चालवीन. टांगा! सहा वर्षं तेच तर टांगलंय. (नमस्कार लिहायचा राहिला. रागात पत्राला बसलं की असं होतं. तर दोघांनाही वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? क्लच दाबताना अजून मोठ्यानं ओरडता की आता मनातल्या मनात? मी ठणठणीत आहे, फक्त मान एका बाजूला वळत नाही. का, ते पुढे येईल.)

मी भांडलो खरा, पण तुमचा शब्द मोडला नाही, हे आधी ध्यानात घ्या. तुम्ही म्हणालात, असली दरवाजा आण आणि नाकाडीचं स्टिअरिंग तुझं. नाही आणलास तर मामींचा भाचा बसेल. मामींच्या भाच्याचं नाव काढलं की माझी अक्कल गहाण पडते, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. म्हणून सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या भंगारवाल्याकडे गेलो. लांब नाकाच्या जुन्या ट्रकांचे दरवाजे तिथे कपाटातल्या ताटांसारखे उभे करून ठेवलेत. तुम्ही शिकवल्याप्रमाणे बोटाच्या पेरांनी टकटक करायची, कान लावायचा; 'धप्प' आलं तर असली, 'टण्ण' आलं तर साच्यातला. मी चाळीसएक दरवाजांवर टकटक केली. शेवटी भंगारवाला म्हणाला, अरे बाबा, आत कोणी राहत नाही, तू उगाच वाट बघतोयस.

एक्केचाळिसाव्यानं मात्र असा काही धप्प आवाज दिला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तोच हिरवा रंग, तीच काच, हँडलसुद्धा आपल्यासारखंच अर्धं फिरून अडणारं. कोणत्या बाजूचा, असं त्यानं विचारलं. मी तुमची चिठ्ठी वाचून ठणकावून सांगितलं, ड्रायव्हर साइडचा. त्यानं नव्याच्या दुप्पट किंमत सांगितली. मी घासाघीस केली आणि दुप्पटच दिली.

बसवाल्यानं दरवाजा आत घेतला नाही (त्याच्या मते बसला होते तेवढे दरवाजे पुरे). मग निघालो पायी. आधी डोक्यावर घेतला, मग पाठीवर, शेवटी खांद्याला पट्टा लावून बगलेत उभा धरला, तर काच बरोबर माझ्या तोंडासमोर आली. चौकात एका म्हाताऱ्यानं दवाखान्याचा रस्ता विचारला. त्याला माझं ऐकू जाईना, म्हणून मी हँडल फिरवून काच खाली केली, रस्ता सांगितला आणि काच परत वर केली. म्हातारा बराच वेळ बघत उभा होता. मलाही मनातून वाटलं, चला, नाकाडी नसली तरी ड्रायव्हर झालो. मान तिथेच धरली.

मी काम करतो त्या वर्कशॉपात उस्तादांनी दरवाजाकडे बघितलं, खिशातून चुंबक काढलं आणि पत्र्याला लावलं. ते त्यांच्या पायावर पडलं. दुसरीकडे लावलं, परत पायावर. मग त्यांनी हातोडीचा एकच टोला दिला आणि भाकरीएवढा ढलपा खाली आला. मामा, तुमचा तो धप्प आवाज लांबीचा, म्हणजे पुट्टीचा होता. गंजलेली भोकं बुजवायला कुणीतरी दोन बोटं जाड लांबी थापली होती आणि मधे पत्रा नुसता लाजेकाजेपुरता. आता ऐका: मी इथे दिवसभर करतो काय, तर गाड्यांवर थापलेली लांबी घासून सपाट करतो. (बॉडी मिस्त्री झालो असं लिहिलं होतं, ते कागदावर बरं दिसतं म्हणून.) दोन वर्षं जी लांबी माझ्या नाकातोंडात जाते, तीच मी दुप्पट पैसे मोजून विकत आणली, आणि चौकात तिची काच वरखाली केली.

पण खरी शोभा पुढेच आहे. उस्तादांनी मला स्टुलावर बसवलं, हातात पातेल्याचं झाकण दिलं आणि म्हणाले, चालव. मी चालवलं. मग म्हणाले, आता सांग, तुमच्याकडचा ड्रायव्हर कोणत्या बाजूनं उतरतो? मी झाकण धरून उजवीकडे उतरलो. आणि इथला? तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. इथे स्टिअरिंग डावीकडे असतं, मामा. मी ड्रायव्हर साइडचाच दरवाजा आणला, पण इथल्या ड्रायव्हरचा. म्हणजे नाकाडीला आता क्लीनरच्या बाजूला दोन दरवाजे आणि तुमच्या बाजूला गोणपाट.

तेव्हा हरलो. तुमच्या पेठेतल्या दुकानात साच्यातला दरवाजा टांगलाय ना, तोच आणा. टण्ण वाजला तर वाजू द्या. निदान पत्रा आहे म्हणून तरी वाजतो.

तुमचा
(मान वाकडी, बाकी सरळ) भाचा

ता. क. असलीनकलीचं चाललंच आहे तर आणखी एक. सहा वर्षांपूर्वी वावटळीनं दरवाजा उखडला, असं मी सांगितलं होतं आणि तुम्ही ते आजतागायत लोकांना सांगता. ती वावटळ रिप्रॉडक्शन होती. असली असं: तुम्ही झोपलेले असताना मी गाडी काढली, मागचं दिसेना म्हणून दरवाजा उघडून डोकं बाहेर काढलं आणि तसाच रिव्हर्स घेतला. फाटकाचा खांब जागचा हलला नाही.

ता. क. २. म्हणून स्टिअरिंग मागत नाही. मामींच्या भाच्याला द्या. पण क्लीनरच्या जागेवर दुसऱ्या कोणाला बसवू नका. रिव्हर्स घेताना मागे उतरून 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडणारा माणूस लागतोच, ते मला आता पक्कं कळलंय. त्या बाजूचा दरवाजा अजून असली आहे, त्याला हात लावू नका.

ता. क. ३. नव्या दरवाजासाठी पैसे पाठवतो आहे. कुठून आले विचारू नका. यंदा गावी यायचं तिकीट काढणार होतो, ते पुढच्या वर्षी काढीन. मोजून घ्या, अठरा हजार सहाशे आहेत.