तुम्ही सांगितलेलं वजन

बाबा,

तुम्हाला जाऊन तीस वर्षांच्या वर झाली. नव्वदीला टेकलेली आत्याही मागच्या पोळ्याच्या सुमारास गेली. त्या महिन्यात आपल्या घरात जी माणसं होती त्यांतली आता मी एकटीच उरले आहे. खरं लिहिलं तरी कोणाला लागणार नाही, म्हणून आज लिहायला बसले. हा कागद कुठे जाणार नाही हे मला ठाऊक आहे. पण अंगणवाडीत इतकी वर्षं वजनाचे तक्ते भरले की जे कागदावर उतरलं नाही ते झालंच नाही असं वाटायची वाईट सवय लागली आहे. आणि हे तर झालं होतं.

तुम्ही आंधळगावच्या बाजारातले मापारी. धान असो, लाखोळीची डाळ असो, उन्हाळ्यात मोहफुलं असोत, तुमच्या हातून मोजलेलं दुसऱ्यांदा कोणी मोजत नसे. पहिल्या मापाला तुम्ही 'एक' म्हणत नव्हता, 'लाभ' म्हणायचात आणि मग 'दोन'पासून पुढे. मला लहानपणी वाटे की सगळं जगच असं मोजतं. शाळेत पहिल्या दिवशी मी 'लाभ, दोन, तीन' म्हटलं, तेव्हा गुरुजी हसले. घरी येऊन मी फणफणले तर तुम्ही म्हणालात की गुरुजी पाटीवरचे आकडे मोजतात आणि आपण लोकांचं पोट मोजतो. तुमच्याकडे आणखी एक रीत होती. घेणारा गरीब दिसला की दांडी त्याच्या बाजूला जराशी कलू द्यायची आणि तोंडाने काही बोलायचं नाही. शेतकरी बघायचा आणि व्यापारीही बघायचा, पण तुमच्याशी कोणी वाद घालत नसे. मला त्याचा फार अभिमान होता.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी पहिल्या बाळंतपणाला तुमच्याकडे आले. मला एकोणीस संपलं होतं. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, म्हणून बाळंतपण आत्याने केलं. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी नर्सबाई आपला काटा घेऊन आली आणि तिने तिला कापडाच्या झोळीत टांगून सांगितलं, दोन किलो तीनशे. बारीक आहे पण चांगली आहे, म्हणाली. बाराव्या दिवशी बारसं झालं. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. ते मला अजून नीट लिहिता येत नाही.

आत्याच्या राज्यात बाळंतिणीला पाणी म्हणजे विष. आई पाणी प्याली की लेकराला सर्दी होते, पोट सुटतं, असं ती मानत असे. दिवसाला ओव्याचं पाणी एक गडवा, तेही कोमट, आणि जेवायला जुन्या तांदळाचा कोरडा भात नि लसणाचं तिखट. ओठ फुटायचे. तिसऱ्या दिवशी तिने माझं दूध पारखलं. वाटीत चार थेंब काढून त्यात मुंगी सोडली. मुंगी पोहत काठाला लागली आणि चालती झाली, तेव्हा आत्या म्हणाली की दूध गोड आहे, आता काळजी नाही. दूध किती आहे हे पारखायची रीत तिच्याकडे नव्हती, आणि विचारायची अक्कल माझ्याकडे नव्हती. मुलगी रडतही नसे. दोन घोट घेतले की झोपायची आणि तासन् तास झोपून राहायची. गुणाची पोर आहे, आईला त्रास देत नाही, असं आत्या शेजारणींना कौतुकाने सांगायची आणि मीही फुगायची. आज अशी शांत झोपणारी तान्ही पोर दिसली की मी आईला सांगून तिला आधी उठवून पाजायला लावते.

नर्सबाईने मात्र आठव्या दिवशी बाजूला घेऊन बजावलं होतं. दर दोन तासांनी उठवून पाजायचं, दोन्ही बाजूंनी पाजायचं, बाळंतिणीने भरपूर पाणी प्यायचं, आणि दर आठवड्याला वजन करायचं. तिचा काटा तीन गावांत मिळून एक, तो महिन्याने परत येणार. तुम्ही लगेच म्हणालात की काटा आमच्या घरी आहे. ती म्हणाली, चालेल, पण वजन वाढलं नाही तर मला विचारत बसू नका, सरळ भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्या. आत्याला हे अजिबात रुचलं नाही. "लेकरू का धान आहे मोजाले? दृष्ट लागन," ती म्हणाली. पण तुम्ही नर्सबाईचंच ऐकलं. आत्या बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर, धुणं घेऊन गेली की तुम्ही उपरण्याखाली तांब्या लपवून माझ्या खोलीच्या दारात यायचात, तोंड फिरवून उभे राहायचात आणि मी घटाघटा पाणी प्यायची. इतकं गोड पाणी मी पुन्हा कधी प्याले नाही. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभा राहून चोरून पाणी पाजणारा बाप मी दुसरा पाहिलेला नाही.

तर ते पहिलं वजन. तुम्ही मोहफुलांचा लहान तराजू धुऊन, पुसून छपरीतल्या आड्याला टांगला. एका पारड्यात बांबूची टोपली, तिच्यात माझ्या जुन्या लुगड्याची घडी. टोपलीचं वजन मुलीच्या वजनात मिसळू नये म्हणून समोरच्या पारड्यात तेवढ्याच भाराचा दगड, म्हणजे तुमच्या भाषेत पासंग. दांडी सरळ झाली, मग मुलीला टोपलीत ठेवलं. तुम्ही वजनं चढवली, उतरवली, श्वास धरून पाहिलं आणि खरं ते सांगितलंत. दोन किलो दोनशे. पंधरा दिवसांची पोर आणि जन्मापेक्षा शंभर ग्राम कमी.

मी त्या दिवशी किती रडले ते तुम्हाला माहीत आहे. दिवसभर रडले, जेवले नाही, मुलीला छातीशी धरायचीही लाज वाटू लागली. संध्याकाळी आत्या तुमच्यावर बरसली. "पाहा, रडू रडू असेल तेवढं दूध आटवून राहिली ते. पुढच्या बारीले कमी निघालं त तिले सांगू नोका," ती म्हणाली. मला वाटतं, ते वाक्य तुमच्यात तिथेच रुतलं.

पुढच्या आठवड्याला तुम्ही म्हणालात, दोन किलो तीनशे. त्याच्या पुढच्या आठवड्याला चारशे. मग अडीच. मी जेवू लागले, बोलू लागले. आत्याला वाटलं मुंगीचा निवाडा खरा निघाला. मुलगी तशीच झोपत होती, तिचे हात मनगटाशी काड्यांसारखे होते, मांडीची कातडी चिमटीत धरली की तशीच राहायची. आत्या तेल लावताना म्हणायची की आपल्या घरचं हाडच बारीक. मीही तेच म्हणायची. आकडा वाढत होता ना.

सहावा आठवडा संपता संपता बाजाराच्या दिवशी नर्सबाई काटा घेऊन आली. तिने झोळीत मुलीला टांगलं आणि काट्याकडे पाहून पुन्हा पाहिलं. मग मुलीला काढून, काटा झटकून परत टांगलं. दोन किलो शंभर. ती मला म्हणाली, "मागच्या आठवड्यात अडीच होती म्हणता ना?" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खांबाला धरून उभे होता आणि तुमचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. नर्सबाईने स्वतः एसटी थांबवली आणि आपल्याला बसवून दिलं. सगळ्या रस्त्याने तुम्ही मुलीला मांडीवर घेऊन तिच्या ओठांना ओला बोळा लावत होता. मी खिडकीबाहेर पाहत होते. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर चांगले होते, रागावलेही नाहीत. फक्त एवढंच म्हणाले की दोन-तीन आठवडे आधी आणायला हवी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. जातानाही रडली नाही.

घरी आल्यावर चार-पाच दिवसांनी तुम्ही छपरीत माझ्यासमोर बसलात. नजर जमिनीकडे. तुम्ही म्हणालात, "बाई, पासंग म्या कमी ठेवला होता. तू रडशीन, दूध आटन, म्हणून. मले वाटलं, तू खुश राह्यली त पोरगी भरून येईन, अन् मंग खरं वजनच तेवढं होईन."

मी उठून आत गेले आणि दार लोटून घेतलं. त्यानंतर तुम्ही तराजूला हात लावला नाही. बाजारात सांगितलंत की डोळ्यांना नीट दिसत नाही. लोक घरी येऊन विनवायचे, तुम्ही मान हलवायचात. मापारीपण सोडून तुम्ही दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत रोवणीला जायला लागलात, त्या वयात. मला पुढे दोन मुलगे झाले, चांगले भरले, तुम्ही त्यांना दुरून पाहायचात. उचलून घ्या म्हटलं की हात धुवायला जायचात आणि परत यायचा नाहीत.

मी अंगणवाडीत लागले तेव्हा नवऱ्याची बदली इकडेच झाली होती आणि तुमच्याच गावची अंगणवाडी मला मिळाली. माझ्या हातात नवा काटा होता. मी ठरवलं होतं की पन्नास ग्रामसुद्धा इकडचं तिकडे करायचं नाही, आणि बाबा, केलं नाही. आयांशी मी गोड बोलत नसे. एक दिवस तुम्ही कशाला तरी आलात आणि दाराशी थबकलात. आंबागडकडून लग्न होऊन आलेली एक कोवळी पोर होती. तिच्या लेकराचं वजन महिनाभर वाढलं नव्हतं. मी तिला तोंडावर सांगितलं, एक ग्राम वाढलं नाही, उद्याच्या उद्या भंडाऱ्याला ने. ती रडायला लागली. तुम्ही तसेच मागे फिरलात.

संध्याकाळी तुम्ही ताटावर बसला होता. मी वाढत होते. तुम्ही हळूच विचारलंत, "अशी तोंडावर कायले सांगतेस माय? जरा धीरानं सांगावं."

मी म्हणाले, "खरं सांगितलं त लेकरू वाचते, बाबा."

हातातला घास तुम्ही ताटात ठेवलात. पाणी पिऊन उठलात. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी भांडी घासायचं निमित्त करून बाहेर गेले. ते लेकरू खरंच वाचलं. आज आसगावला त्याची शेती आहे. पण त्या संध्याकाळनंतर तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागलात, आणि पुढच्याच हिवाळ्यात गेलात. शेवटच्या दिवसांत मी तुमच्या पायांना तेल लावायची, तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहायचात आणि ओठ हलवायचात. तुम्हाला माफी हवी होती हे मला कळत होतं. मी तेल लावत राहिले.

आता जे लिहायचं ते लिहिते. आत्यासमोर मला ते लिहवलं नसतं.

तुम्हाला वाटत होतं की पासंगाचं मला तुमच्या तोंडून कळलं. तसं नाही. तुम्ही पहिल्यांदा पासंग बदललात त्याच दिवशी मी दाराच्या फटीतून पाहत होते. तुम्ही आधीचा दगड उतरवून लहान दगड ठेवलात, टोपलीकडची बाजू खाली गेली आणि तुम्ही ती तशीच राहू दिलीत. मी मापाऱ्याची लेक. टोपलीचा भार आता मुलीच्या वजनात धरला जाणार, हे मला समजलं. मी तेव्हाच बाहेर येऊन म्हणू शकले असते की बाबा, हे काय करता. तेव्हा अजून तीन आठवडे हातात होते. पण भंडाऱ्याला नेलं की तिला बाटली लावतील, आणि माझं दूध पुरलं नाही हे सगळ्या जगाला कळेल, याची मला तिच्या जिवापेक्षा जास्त भीती वाटली. म्हणून मी पलंगावर जाऊन बसले आणि तुमची वाट पाहिली. तुम्ही मुलीला घेऊन आलात, म्हणालात, दोन किलो तीनशे, बाई, वाढली. आणि मी हसले. तुम्हाला खरं वाटावं म्हणून मुद्दाम हसले.